नगासाचा पुतळा आणि आमच्या काठ्या

४ सप्टेंबर

पुतळा आला! राजधानीहून, फिनफिन्नेहून, ट्रकमधून, ताडपत्रीत गुंडाळून. नगासाला याच रस्त्याने हात बांधून नेलं होतं. आता ट्रकला पोलिसांचा सलाम. प्रगती आहे!

मागोमाग जिल्ह्याचे अधिकारी गुटेमा साहेब घरी हजर. माझ्या नवऱ्याच्या गाण्यांवर बंदी घातली ती यांनीच. तीन कप कॉफी प्यायले. "वहिनी, नगासा आपल्या सगळ्यांचा होता." — हो का? तुरुंगात शेवटपर्यंत डबा मात्र मी एकटीच नेत होते.

६ सप्टेंबर

नगासाची पुतणी सिफान पकडली गेली. बसथांब्यावर काकाचं जमिनीचं गाणं म्हणत होती. पुतळ्याच्या समारंभात तेच गाणं वाजणार आहे, पण नुसती चाल. चाल देशप्रेमी, शब्द देशद्रोही!

पोरीचा आवाज थेट त्याचा. मी कधी गायले नाही. तो म्हणायचा, "सोरेत्ती, तू गाऊ नकोस, गाय आटेल."

८ सप्टेंबर

पोलीस चौकीत गेले. "उद्या या."

९ सप्टेंबर

"उद्या या."

१० सप्टेंबर

गुटेमा पुन्हा आले. सिफानचं नाव काढलं तर कान खाजवायला लागले. मग म्हणतात, "वहिनी, समारंभाला तुमची सिंके आणा. सगळ्या बायकांना आणायला सांगा. पाहुण्यांना आपली संस्कृती दिसू दे. फोटो झकास येतील!"

सिंके! लग्नात आईने हातात दिलेली काठी. ती आडवी धरून बायका उभ्या राहिल्या की गाऱ्हाणं मिटेपर्यंत पुरुषाने ओलांडायचं नाही. याच्या आईच्या सिंकेपुढे याचा बाप भांडण सोडून मुकाट बसलेला यानेच पाहिलाय. खुर्चीवर बसून बसून विसरला असेल. मी गरीब चेहऱ्याने म्हटलं, "आणतो हं साहेब. सगळ्याजणी."

१४ सप्टेंबर

आणल्या! हातात शांततेची खूण म्हणून ओलं गवत, काठ्या आडव्या, रस्ता बंद. सिफान सुटेपर्यंत पुतळ्याकडे कोणी जायचं नाही. पाहुणे गाडीत घामाघूम. पोलीसही आमच्याच गावचे, टोप्या काढून बाजूला झाले.

"अहो वहिनी, काठ्या फक्त फोटोसाठी होत्या!"

"मग काढा की फोटो."

पुढे गुटेमांची आईच उभी. "गुटू, ओलांड बघू माझी काठी."

"आई, घरी बोलू."

"घरी येतोस कधी तू?"

शेवटी कबूल झाले — उद्या सोडतो. पाहुणे उपाशी परतले, मेजवानीचं बकरं आम्हीच खाल्लं. पुतळा अजून ताडपत्रीतच आहे. पोट धरधरून हसले. घरी येऊन रडले. नगासाने यावर गाणं केलं असतं, मेल्याने! फार आठवण येते त्याची.

१५ सप्टेंबर

सिफान आली. आवाज गेलाय. "ओरडून बसला," म्हणे चौकीवाले. गळ्यावर बोटांचे वळ आहेत.

अंगणात बसून नुसते ओठ हलवत होती. कुठलं गाणं ते ओळखलं. मग मीच म्हटलं, शब्दांसकट, मोठ्याने. शेजारणी काठ्या घेऊन कुंपणापाशी आल्या.

गाय आटली तर आटली.