वरचं बोटभर

१४ तारीख, रविवार सकाळ

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. हसू नकोस, दोनच वर्षांनी का होईना, मोठी आहे मी.

इकडे सगळं बरं. बाबांचा खोकला गेला, हट्ट जिथल्या तिथे आहे. बाटल्यांतल्या चित्रांची वाळू रंगवायला आणलेला नवा निळा रंग मेला वाळूला धरतच नाही, बोटांना मात्र सुटत नाही. गेल्या आठवड्यात अर्धं नाक निळं करून मी दिवसभर दुकानात बसले होते. बाबा समोरच होते, पण एका शब्दाने सांगितलं नाही! शेवटी गिऱ्हाईकाने सांगितलं.

तुझं चष्म्याचं दुकान कसं चाललंय? दुपारी वेळेवर खातेस ना? तीन वर्षांत तुझी पाच पत्रं आली, बाबांची चौकशी एकातही नाही. तुला दोष देत नाही गं. दोष कुणाचा तेच सांगायला बसलेय, आणि बघ, नाकाच्या गोष्टी सांगतेय.

आईची बाटली.

आई गेल्यावर बाबांनी दोन महिने खपून भरलेली. खिडकीत उभी आई, खांद्यावर टॉवेल, मागे दोरीवर कपडे. सगळं रंगीत वाळूचं, तारेच्या टोकाने कण कण सरकवून केलेलं. चित्र झालं तोवर त्यांचा हात थरथरायला लागला होता, म्हणून तोंड बंद करायचं काम माझ्याकडे आलं. तुला तर पाठ आहे ते. वरची साधी वाळू थोडी थोडी घालायची, सळईने ठासायची, बाटली हलकेच आपटायची, पुन्हा ठासायची, सळई आत जाईनाशी होईपर्यंत. मग डिंक, आणि तो वाळला की मेण. अशी ठासलेली बाटली उलटी धरली तरी कण हलत नाही.

महिन्याभराने तू ती पुसायला घेतलीस, आडवी केलीस, आणि आईचा चेहरा खांद्यावरून घसरत गेला. "तुझ्या हाताला धीर नाही, माझ्या वाळूला पुन्हा शिवायचं नाही," बाबा म्हणाले. आणखीही बरंच बोलले. तू माझ्याकडे बघितलंस. मी मूग गिळून बसले.

ठमे, मी ती ठासलीच नव्हती. त्या दिवशी मैत्रिणी खालून हाका मारत होत्या. वाळू ओतली, एकदा दाबली, वर डिंक घातला आणि पळाले. वाळू घसरली तेव्हाच मला सगळं कळलं होतं. पण बाबांची ती नजर तुझ्यावर होती, माझ्यावर नव्हती, आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. आठवड्याने तू बॅग भरलीस, तेव्हाही बोलले नाही.

या बुधवारी जिन्याखालची कामाची खोली आवरताना बाबांनीच ती बाटली माझ्या हातात दिली. "रिकामी कर, काच चांगली आहे," म्हणाले आणि पुढे दुकानात गेले. मी मेण खरवडलं, डिंकाची चकती काढली, सळई टेकवली. बोटभर सरळ आत गेली. तिथल्या तिथे बाटली पालथी केली असती तर कुणाला काही कळलं नसतं. हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. मग हाक मारली.

"बाबा, जरा सळई घालून बघा."

त्यांनी घातली. काढली. पुन्हा घातली.

"तोंड कुणी बंद केलं होतं?" त्यांना माहीत होतं, माझ्याकडून ऐकायचं होतं.

"मी."

"आणि तिने नुसती पुसली."

"हो, बाबा."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले. "मी पोरीला काय काय बोललो गं," म्हणाले आणि रडायला लागले. आई गेली तेव्हाही असे रडले नव्हते.

दोन दिवस माझ्याशी अबोला. काल सकाळी तीच बाटली रिकामी करून, धुऊन, वाळवून नव्याने भरायला बसले. चित्र आता होत नाही त्यांच्याने. नुसते पट्टे, तेही वाकडे. तुझा आवडता पिवळा मात्र सढळ हाताने घातलाय. गळ्यापाशी आल्यावर थांबले. मी सवयीने सळई घ्यायला गेले, तर म्हणाले, "तू नाही. वरचं बोटभर ती भरेल."

बाटली खिडकीजवळच्या टेबलावर आहे, तोंडावर कागद. मी बाजूने जरा जोरात चालले तरी डोळे वटारतात. तोंड बंद केल्याशिवाय ती हलवता येत नाही, नाहीतर मीच घेऊन तुझ्या दारात उभी राहिले असते.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. राग धर, हवा तितका धर. पण बाबांसाठी ये. मी समोर नको असेन तर तसं कळव, तेवढा दिवस मी बाहेर जाईन.

तुझी ताई,
अजून म्हणत असलीस तर

ता. क. पत्र बाबांना वाचून दाखवलं. खाली दोन ओळी लिहा म्हटलं, तर एकच लिहिली. अक्षर हललंय, लावून घे.

डिंक भिजत घातला आहे.
– बाबा