घरच्या भिंतीवरची चित्रं

४ जानेवारी, सोमवार
प्राचार्यांनी बोलावलं. कॉलेजची आर्ट गॅलरी आसपासच्या लोकांसाठी आहे ना, मग लोक कुठे आहेत, असं विचारलं. मी म्हणालो, दर्जेदार कलेला गर्दी नसते. ते म्हणाले, कॉम्प्युटरवाले खोली मागताहेत. महिनाअखेरपर्यंत लोक दिसले नाहीत तर गॅलरी बंद. अख्खं आयुष्य घातलंय मी त्या खोलीत! या माणसाला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. असो. उद्यापासून पहाटे उठून प्लॅनिंग.

५ जानेवारी
पहाटे उठलो नाही. पण झोपेतच आयडिया सुचली, म्हणजे वेळ सत्कारणी लागला. शेजारपाजारच्यांनी घरच्या भिंतीवरचं एक आवडतं चित्र आणायचं, आपण ते टांगायचं. आपलंच चित्र बघायला लोक झक मारत येतील. ही म्हणाली, कल्पना छान आहे, फक्त तुम्ही मध्ये मध्ये करू नका. बायकोला कलाक्षेत्राचा अनुभव नाही.

११ जानेवारी
चित्रं येताहेत. अरे देवा. न्हाव्याने दुकानातलं धबधब्याचं पोस्टर आणलं. शिंपीणबाईंनी भरतकामाचे पोपट. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी मुलाने काढलेलं चित्र आणलं. घर, झाड, अंगणात तो आणि कुत्रा. मुलगा शाळेत असतानाच तापाने गेला. जपून ठेवा, एवढंच म्हणाल्या. मला भडभडून आलं. पण पर्स्पेक्टिव्हचा पत्ता नाही.

१६ जानेवारी, दुपार
कशालाही हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. लावलाही नसता. पण काकूंचं चित्र टेबलावर आणि पेन्सिल हातात. जन्मभर मुलांच्या ड्रॉइंग शीट तपासलेला हात, तो गप्प बसतो होय? छप्पर सरळ केलं. झाडाला सावली दिली. दार मोठं केलं, नाहीतर पोरगं आत जाणार कसं? कुत्र्याचा एक पाय राहून गेला होता, तो घातला. मग वरून रंग. असं काही खुललंय की माझेच डोळे भरून आले. काकूंना सरप्राइज. हिला सांगितलं नाही. उगाच डोकं खाईल.

पोपटही सुधारण्यासारखे आहेत, पण मला शिवण येत नाही.

२४ जानेवारी, रविवार
उद्घाटन. गॅलरी गच्च. न्हाव्याने गिऱ्हाइकं ओढून आणली. प्राचार्य चक्क हसले. गॅलरी वाचली, म्हटलं.

मग काकू आल्या. आपल्या चित्रासमोरून दोनदा गेल्या आणि मला येऊन विचारलं, माझं कुठे लावलंय? मी त्यांना हाताला धरून नेलं, एकेक करेक्शन समजावून सांगितलं. त्यांनी कुत्र्यावर बोट ठेवलं.

"त्या कुत्र्याला तीनच पाय होते," त्या म्हणाल्या. "म्हणून तर त्याने घरी आणला होता."

मी म्हणालो, हो, पण बघणाऱ्याला ते कसं कळणार?

काकू निघून गेल्या. शेजारी उभं राहून सगळं ऐकणाऱ्या न्हाव्याने पोस्टर काढून गुंडाळलं. शिंपीणबाईंनी पोपट टाका न् टाका तपासले आणि पिशवीत घातले. बघता बघता भिंती रिकाम्या झाल्या. लोक फारच हळवे आहेत.

२५ जानेवारी
खोडून पाहिलं. पाय जात नाही. कागद फाटायला लागला.
मी चांगल्यासाठीच केलं होतं.

३१ जानेवारी
गॅलरी बंद. आज कॉम्प्युटरची टेबलं आली. मी बघायला थांबलो नाही.

चित्र घेऊन काकूंकडे गेलो. माफीचं भाषण पाठ केलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. चित्राला हात लावला नाही.

"हे तुमचं आहे," म्हणाल्या. "तुमच्याकडेच राहू द्या."

घरी आल्यावर हिने विचारलं, दिलंत ना चित्र? मी हो म्हणालो. पिशवी अजून स्कूटरच्या डिकीत आहे.