मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत

मी, खाली सही करणारी, शहराच्या आरोग्य खात्यातून समता विभागाची संचालक म्हणून निवृत्त झालेली बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला खात्यातल्या माझ्या जुन्या वरिष्ठांनी, म्हणजे ज्यांना आम्ही सगळे मोठे डॉक्टर म्हणायचो त्यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. भर सभेत मला वेडी म्हणणारे तेच, म्हणून दाखला मुद्दाम त्यांच्याकडूनच घेतला. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तसा प्रयत्न पूर्वी बऱ्याच जणांनी करून पाहिला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. बँकेतली ठेव, दागिने म्हणावेत असे जे काही आहेत ते आणि पुस्तकं माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावीत. पुस्तकं ती वाचणार नाही. विकली तरी चालतील, पण रद्दीवाल्याला देऊ नयेत.

२. लस न्यायची निळी पेटी आणि सायकल दवाखान्यातल्या नव्या सिस्टरला द्यावी. माझी नोकरी इस्पितळाच्या चादरी मोजण्यापासून सुरू झाली. तिथून मी नर्स झाले आणि याच सायकलवर ही पेटी लावून घरोघर लशी टोचत फिरले. पेटीत हल्ली मी कांदे ठेवते, तेव्हा आधी ती उन्हात ठेवावी. सायकलचा ब्रेक एकच लागतो, हे सिस्टरला सांगितल्याशिवाय चावी देऊ नये.

३. पितळी पट्टीचा उंदराचा सापळा माझ्या धाकट्या भावाला द्यावा. लशी कुठल्या गल्लीत पोचतच नाहीत हे मी वरच्यांना तोंडावर सांगितलं, तेव्हा माझी बदली उंदीर निर्मूलनाला झाली. भाऊ म्हणाला होता, "ताई, एवढं शिकून शेवटी उंदीरच मारायचे होते तर आमची मांजर काय वाईट होती?" सगळे पोट धरून हसले होते. पण उंदरांच्या मागे फिरतानाच मला शहराची मागची बाजू दिसली. कचरा कुठे उचलतात, पाणी कुठे येत नाही आणि दवाखान्याचं दार कोणाकडे तोंड करून उभं आहे, ते तिथे कळलं. ते कळल्यावर मी पुन्हा कॉलेजात गेले, मग आकडेवारी विभागात, मग शिकवायला आणि शेवटी खात्याने समता विभाग काढला तेव्हा त्याच्या खुर्चीत. म्हणून सापळा जपून वापरावा. त्याने माझं भलं केलं आहे.

४. आता घर. हे मी स्वकष्टाने घेतलं. चतुःसीमा अशी: पुढे मोठा रस्ता, मागे वस्तीची गल्ली, डावीकडे सरकारी दवाखाना, उजवीकडे शिंपीकाकांचं घर. ही घरांची रांग पुलापर्यंत सलग आहे, मध्ये कुठे फट नाही. दवाखान्याचं दार मोठ्या रस्त्यावर आणि पाठ वस्तीकडे. त्यामुळे वस्तीतल्या माणसाला भिंतीपलीकडच्या दवाखान्यात यायला पुलाला वळसा घालावा लागायचा. मागच्या भिंतीत दार पाडा, असं मी संचालक झाल्यावर पहिल्याच बैठकीत सांगितलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "दवाखान्याचा रस्ता करायचाय का तुम्हाला?" मी म्हटलं, "हो, तेच करायचंय." फाइल फिरत राहिली.

ती फिरत असताना वस्तीतली एक बाई वळसा घालताना पुलापाशी बाळंत झाली. बाई वाचली, मूल गेलं. तेव्हा आम्ही या घरात भाड्याने राहत होतो. घराच्या मधोमध मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत सरळ बोळ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागचं दार उघडलं आणि गल्लीत उभी राहून सांगितलं, की दवाखान्याला इथून जा. माझे यजमान रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी जेवणाचं टेबल उचलून स्वयंपाकघरात नेलं आणि एवढंच म्हणाले, "दार उघडं ठेव, पण माझे रेडिओ आतल्या खोलीत राहू देत." पुढे मालक बोळ बंद करा म्हणून मागे लागला, म्हणून मी घरच विकत घेतलं. एवढ्या मोठ्या खुर्चीत बसून मी जे केलं त्यातलं टिकलं ते हेच, आणि तेही सरकारी नाही.

५. माझ्या मुलीने मागच्या खेपेला मला स्पष्ट सांगितलं, "आई, तू गेलीस की मी पहिल्यांदा ते मागचं दार बंद करणार." तिचा राग मला ठाऊक आहे. ती लहानपणी विचारायची, "हे आपलं घर आहे की रस्ता?" तिचा अभ्यास, तिचे ताप, तिच्या मैत्रिणी, सगळं लोकांच्या येण्याजाण्यात झालं. तिचे बाबा गेले त्या दिवशीसुद्धा ते आतल्या खोलीत होते आणि बोळातून माणसं जात होती. त्याबद्दल तिने मला कधी माफ केलं नाही. बाळ, त्या दिवशी तू आत तोंड फिरवून बसली होतीस, म्हणून तुला दिसलं नसेल. ती माणसं चपला हातात घेऊन जात होती. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मला तेव्हा रडू आलं ते त्यांच्यामुळे.

६. वकीलबाईंनी सुचवलं, की घर मुलीला देऊन दार उघडं ठेवण्याची अट घाला. अटीवर कोर्टात वर्षं जातात आणि तोवर दार बंद राहतं. म्हणून बोळ, दोन्ही दारं आणि त्यांच्या किल्ल्या मी वस्तीतल्या बायकांच्या नोंदणीकृत मंडळाला कायमच्या देते. उरलेलं सगळं घर मुलीचं, निर्वेध मालकीने. वकीलबाई म्हणाल्या, "बाई, स्वयंपाकघर एका बाजूला, खोल्या दुसऱ्या बाजूला. तिने चहा घेऊन जायचं तरी कसं?" बोळ ओलांडून जायचं, आम्ही तेच करत आलो. मुलीच्या खोलीला मी आतून नवी कडी बसवून घेतली आहे. ती तिने खुशाल लावावी. बंद होणारं दार तिला हवं होतं, ते तिचं आहे.

७. मोठे डॉक्टर दाखला द्यायला आले ते वस्तीत राहणाऱ्या आपल्या लेकीकडून, बोळातूनच. पुलाच्या वळशाने गुडघे दुखतात म्हणे. त्यांच्यावरचा माझा राग मी इथे संपवते. कोणाच्या नावे करण्याजोगा तो उरलेला नाही.

८. मला नेतील तेव्हा पुढच्या दाराने, म्हणजे बोळातूनच न्यावं लागेल. मागचं दार त्या दिवशीही उघडं असावं आणि चपला काढायची गरज नाही हे लोकांना सांगावं. हे काम मुलीने करावं, दुसऱ्या कोणी नाही. मला उचलल्यावर मागून कोणी दवाखान्याला निघालेलं आलं, तर मला कडेला घ्यावं आणि आधी त्यांना जाऊ द्यावं. मला घाई नसेल.

हे सर्व वाचून, समजून, साक्षीदारांच्या समोर सही केली.

(सही) लिहून देणार

साक्षीदार:
(सही) शेजारचे शिंपीकाका. यांना मृत्युपत्रात काही मिळत नाही, हे त्यांना दोनदा सांगितलं आहे.
(सही) मोठे डॉक्टर, निवृत्त

ठिकाण: राहतं घर, बोळ
तारीख: वकीलबाईंनी शिक्का मारला तीच