फोन धरायला

अमरावती
रविवार, १५ मार्च २०२६

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत. ‘आम्ही’ हे हात सवयीने लिहून गेला. घरात मी एकटीच आहे, आणि ठीक आहे. ऊन लागायला लागलं. मेथी संपत आली, सांभार, म्हणजे कोथिंबीर, महागला. दुकान रोज लावते, आईच्याच जागेवर.

आधी एक दुरुस्ती. फेब्रुवारीच्या पत्रात मी लिहिलं होतं की स्मशानभूमीत फोन मामांच्या योगेशने धरला होता. ते चुकीचं आहे. फोन मी धरला होता. योगेशच्या फोनवर तुझा व्हिडिओ लागतच नव्हता, माझ्यावर लागत होता.

एवढ्याशा गोष्टीसाठी वेगळं पत्र कशाला, असं तुला वाटेल. शाळेत जायच्या आधी तूच मला लिहायला शिकवलंस, दुकानामागे, वांग्याच्या पोत्यावर बसवून. चुकलं तर गिरगटायचं नाही, एक रेघ मारायची आणि बाजूला बरोबर लिहायचं, असं तू सांगायचास. म्हणून बाजूला लिहिते आहे. जरा लांबेल.

फोनवर सांगता आलं असतं. पण तू बर्फातून उतरून खालच्या ठाण्यावर येऊन फोन करतोस तेव्हा तुझ्यामागे बाकीचे उभे असतात, आणि मध्येच आवाज तुटतो. ही गोष्ट तुटलेल्या आवाजात सांगायची नाही, असं मी ठरवलं आहे.

तुला न कळवलेलं पुष्कळ आहे. तू उद्या निघतोस, परवा निघतोस, असं करत आईला आपण दोन दिवस भाड्याच्या शीतपेटीत ठेवलं. पेटीची काच आतून धुरकट व्हायची. बाहेरून पुसून काही उपयोग नव्हता, तरी मी पुसत होते. बाया यायच्या, पायाला हात लावता येत नाही म्हणून चुकचुकायच्या, काचेवर फुलं ठेवायच्या, ती घसरून खाली पडायची. शेजारच्या गाळ्यावरची मैनाबाई काचेवर वाकली. मग म्हणाली, “सत्यभामानं जिंदगीत फ्रीजमधला भाजीपाला विकला नाही, अन् तिलेच फ्रीजमध्ये ठेवलं.” दोघीतिघी हसल्या. मीही हसले असेन. मला नीट आठवत नाही.

तुझ्याकडचं हेलिकॉप्टर अजून दोन दिवस उडणार नाही असं कळलं, तेव्हा महादेवमामांनी ठरवलं की आता थांबायचं नाही. ते अकोल्याहून पहिल्याच दिवशी आले होते. गॅस दाहिनीचं नाव मी काढलं तेव्हा मामा म्हणाले, “बहिणीले का बेकरीत घालू?” जुन्या शहरातल्या त्यांच्या गल्लीत अजून कुणाला गॅसवर नेलेलं नाही, हे त्यांनी दहा जणांना ऐकवलं. पण आई स्वतः बोलून गेली होती, दिवाळीत, मामांच्याच देखत. बाबांच्या वेळची ओली लाकडं आणि तो दिवसभराचा धूर ती विसरली नव्हती. “साऱ्या जिंदगीत चुलीचा धूर गिळला,” ती म्हणाली होती, “मले बिनधुराचं न्या बाप्पा.” तेव्हा मामाच सगळ्यात मोठ्याने हसले होते. आता त्यांना नाही म्हणता आलं नाही.

मी येणार हे त्यांना मान्य नव्हतं. पोरीबाळी तिकडे येत नसतात. योगेशने तीनदा लावूनही तुझा व्हिडिओ लागला नाही, माझ्यावर लगेच लागला. फोन माझ्या हातातून घेऊन त्याने जरा हलवला की तू गायब व्हायचास. शेवटी मामा म्हणाले, “बरं, चाल. फोन धरायले.”

मी फोन धरायला गेले, दादा. मला आत नेलं ते त्या कामासाठी.

दाहिनीच्या शेडमध्ये आईला रुळावरच्या गाडीवर ठेवलं. मामांनी छातीवर कापूर पेटवला. मग वाद झाला. कापूर म्हणजे अग्नी, का बटन म्हणजे अग्नी? मामा म्हणत होते कापूर. गुरुजी म्हणाले, “कापूर आरतीतही पेटते. देह ज्यानं जळते तो अग्नी. बटन दाबणाऱ्यानं अग्नी देल्ला म्हणायचं.” मग असं ठरलं की तू फोनवर ‘आई’ अशी हाक मारशील आणि तुझ्या हाकेवर ऑपरेटर बटन दाबेल, म्हणजे अग्नी तुझाच. मामांनी हे तुला ओरडून ओरडून समजावलं. तू मान हलवलीस. तुझ्या टोपीवर बर्फ होता. मी फोन घेऊन भिंतीमागच्या खोलीत गेले, जिथे बटनं आहेत. बाकी सगळे बाहेर आईजवळ थांबले.

फोन कुणी धरला एवढं सोडलं तर, हाकेचं ठरलं इथपर्यंतचं तुला माहीत आहे. पुढे मी लिहिलं होतं की तू हाक मारलीस आणि ऑपरेटरने बटन दाबलं. ते नंतर लिहिते. आधी बाहेरचं लिहिते.

राख दोन तासांत मिळाली. मामा तिसऱ्या दिवशी सावडायला यायचं धरून चालले होते. सावडायला काही उरलंच नव्हतं, तांब्याचा कलश तयार करून हातात दिला. ते तो धरून उभे राहिले, कुणाचा तरी डबा चुकून आपल्याकडे आल्यासारखे. तुझं नाव घेऊन, धर्मेंद्रने अग्नी दिला, तेव्हा अस्थीही तोच नेईल, असं म्हणून त्यांनी कलश तिथल्याच अस्थींच्या खोलीत ठेवला. अजून तिथेच आहे. दहाव्याला तुझ्या नावाने योगेश बसला. मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं की गॅसवर गेलेल्या माणसाच्या पिंडाला कावळा शिवत नाही. पिंड ठेवून आम्ही मागे सरलो न सरलो तोच कावळा आला. मामा जरा हिरमुसले.

नंतर योगेशने तिथे काढलेला व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्यात दाहिनीचं दार दिसतं, आणि मामांचा आवाज: “धर्मेंद्रनं अग्नी देल्ला.” वर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, सीमेवरून जवानाचा आईला अग्नी. मी त्यात नाही. मी भिंतीमागे होते.

आता दुकानावर गिऱ्हाईक भेंडी निवडता निवडता याच्यावर बोलतं. एक म्हातारे मास्तर म्हणाले की तारेतून वीज येते, विस्तव येत नाही. त्यांच्याच सुनेने त्यांना गप्प केलं, देशासाठी उभ्या असलेल्या पोराबद्दल असं बोलतात का म्हणून. एका बाईने विचारलं की तेरवीही फोनवर होते का. मामा तर बदललेच आहेत. बेकरी म्हणणारे तेच, आता जुन्या शहरात कुणाकडे मयत झाली की जाऊन सांगतात, आमच्या बहिणीचं असं केलं, नावालाही धूर नाही, अन् भाच्यानं तिकडून अग्नी देल्ला. मी भाजी तोलते. कुणी ‘खरं ना बाई?’ विचारलं तर पिशवी पुढे करते.

मला रडू आलेलं नाही. हेही सांगून टाकते. रोज सकाळी मंडईत जाते, पाणी मारते, जुड्या बांधते. रडू येत नाही म्हणून काळजी वाटते, आणि काळजी वाटते तीही अशी लांबून वाटते.

आता ते नंतरचं.

तू हाक मारायची, तेव्हा तू पडद्यावर थिजलेला होतास. तोंड अर्धं उघडं, डोळे मिटलेले. मी ‘दादा, दादा’ म्हटलं. फोन वर धरला, दाराकडे नेला, परत आणला. बाहेरून मामा विचारत होते, “झालं का?” बाहेर दुसऱ्या घरची गाडी येऊन थांबली होती, त्यांची माणसं दिसत होती. मी ऑपरेटरला म्हटलं, तुम्ही दाबा. तो म्हणाला, “मी नाही दाबत, ताई. घरच्या माणसानं दाबावं. तुम्ही घरच्याच आहा ना?”

मी हो म्हटलं.

बटन हिरवं होतं की काळं, मला सांगता येत नाही. ते चिकट होतं. आधीच्या कुणाच्या तरी हाताचं तूप लागलेलं होतं. मी डाव्या हाताने दाबलं, कारण उजव्या हातात तू होतास.

आवाज सुरू झाला, मोठ्या पंख्यासारखा. मग तू हललास. तू म्हणालास, “झालं का? मी म्हटलं ना आई? गेला ना आवाज?” तू रडत होतास. मी म्हटलं, “हो दादा, गेला.” तेव्हा मामा दारात आले, त्यांनी ते ‘हो’ ऐकलं, आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं.

तुझी हाक मी ऐकलेली नाही. तू ती मारली असशील, मारलीच असशील. पण ती इथे पोचली नाही. बटन तिच्याशिवायच दाबलं गेलं, आणि ते मी दाबलं. फोन धरणारं माणूस तुला दिसत नव्हतं, माझा आवाज आला तरी मी नुसती बाजूला उभी आहे असं तुला वाटलं असणार. फोन योगेशने धरला असं लिहिलं, कारण मी धरला लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस, मग तुला काय दिसलं.

मी गप्पच राहणार होते. तुझं पत्र आलं, त्यात तू लिहिलंस, “एवढं एक तरी माझ्या हातून झालं.” ते वाक्य वाचून मी पत्र घडी घालून देवळीत ठेवलं आणि ठरवलं की हे तुझ्याकडून घ्यायचं नाही. आईचं तोंड तुला बघायला मिळालं नाही, पाय धरायला मिळाले नाहीत. हे राहू दे. माझं काय, मी तर तिच्याजवळच होते, शेवटपर्यंत.

पण गेल्या आठवड्यात धामणगाव रेल्वेची एक बाई दुकानावर आली. तिच्या शेजारी एक म्हातारे वारले. मुलगा पुण्यात असतो. रात्रीच्या गाडीने सकाळी पोचला असता. त्याने फोनवरच केलं. लोक कुरकुरले तर म्हणाला, अमरावतीच्या सत्यभामाबाईच्या पोरानं नाही का देल्ला, चालते ते. आईचं नाव घेऊन म्हणाला. ती बाई मला हे कौतुकाने सांगत होती. मी विचारलं, घरात अजून कुणी नव्हतं का? ती म्हणाली, “पोरगी होती ना. चार वर्सं तिनंच केलं बापाचं. अन् फोन धरून उभी होती.”

मी तिला अर्धा किलो गवार दिली आणि पैसे घ्यायला विसरले.

दादा, मला मान नको आहे. मी देवाधर्माचं किती मानते, तेही मला ठाऊक नाही. पण कुणीतरी एक खोटी गोष्ट बघून तसंच करतं आहे, आणि ती गोष्ट माझ्या एका ‘हो’पासून सुरू झाली. आणि आईचंही आहे. तिला कुणी शेवटचा निरोप दिला, हे तिच्या दोन्ही मुलांना तरी खरं माहीत असावं. तू यात काही गमावशील. मला ते दिसतं आहे, आणि तरी मी लिहिते आहे.

गुरुजींचा आणि मामांचा नियम तुला वर सांगितला. ज्याने बटन दाबलं त्याने अग्नी दिला, आणि ज्याने अग्नी दिला त्याने अस्थी न्यायच्या. तुझी रजा दोनदा पुढे गेली, आता तू मे म्हणतोस. कलश मी नेणार आहे, कौंडण्यपूरला, वर्धा नदीत. मामांना यायला सांगितलं आहे, कारण काय ते सांगितलेलं नाही. निघण्याआधी सांगेन. आधी सांगितलं तर ते मला अडवतील. त्यांनी सोबत यायचं नाही म्हटलं तर एस.टी. आहे.

तू आलास तर आपण दोघं मिळून धरू. हे पत्र तुला पोचेल, त्याचं उत्तर येईल, एवढा वेळ मी मध्ये ठेवला आहे. तू रागावलास तर तसं लिही. मी वाचेन. पण दिवस बदलणार नाही.

कलश मी रविवारी, बारा एप्रिलला घेईन.

तुझीच,
वर्षाली