अर्विदची करपलेली कॉफी

डुलूथ, शनिवार

प्रिय आई,

तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना?

आज अर्विदच्या कॉफी भाजायच्या भट्टीवर गेले होते. दाढी वाढवलीय त्याने, बाकी तुझा लेक ठीक आहे.

दर शनिवारी गल्लीतली माणसं तिथे नवी कॉफी चाखायला जमतात आणि चमच्याने फुर्र फुर्र ओढतात. तू असतीस तर हसली असतीस. आजची मात्र निव्वळ कोळसा होती. तरी शेजारच्या हौगेबाई म्हणाल्या, "वा! काय हात आहे रे तुझा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही म्हणाले, "मस्त जमलीय."

अर्विदने चमचा खाली ठेवला.

"ही मी मुद्दाम जाळली होती. मागे ताप आला होता ना, तेव्हापासून मला वास येत नाही, चवही कळत नाही. तुम्हाला विचारून विचारून भाजत होतो. आता कुणाला विचारू?"

कुणीच मान वर केली नाही. मीसुद्धा.

काळजी करू नकोस, तो जेवतोय. निघताना मला एवढंच म्हणाला, "आईने ही कॉफी थुंकून टाकली असती."

गुडघा दुखत असला तरी ये.

तुझी,
लिनेआ