भिवंडीचं सांगून

काळाचौकी, मुंबई
ता. ३ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास,
धोंडूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायला जमत नाही, तेव्हा हेच बरं. कोकमाच्या आगळाच्या बाटल्या निलेशने स्टँडवरून आणल्या, एकही फुटली नाही. सूनबाई रोज सोलकढी करते आणि रोज मीठ जास्त घालते. मी बोलत नाही.

बातमी म्हणजे शनिवार-रविवार मी शीवला राहायला जातोय. तिथे किल्ल्याच्या मागच्या अंगाला एक लहानसं बुद्धमंदिर आहे, दोन दिवसांचं शिबिर असतं. भोईवाड्याच्या अजितने नाव घातलं. अजित म्हणजे गिरणीत माझ्या शेजारच्या मागावर होता तो. तुझ्या हातचे अकरा घावणे एका बैठकीला खाल्लेला. कमलाकांतही येतोय. तो गिरगावातला मास्तर, निवृत्त होऊन परळला राहायला आला, सकाळी बागेत आम्हा तिघांची बैठक असते.

तिथे बोलायचं नाही, मोबाईल काढून द्यायचा आणि दुपारी बारानंतर जेवायचं नाही. चहाला जेवण म्हणतात का, एवढंच कमलाकांतने विचारलं. धोंड्याने देव बदलला की काय असं तू विचारशील म्हणून आधीच लिहितो, तसं काही नाही. मित्र बोलावतो म्हणून जातो.

गुडघ्याला तेल लावत जा. मुलांना आशीर्वाद. माया आहे तशी राहू दे.
तुझा,
धोंडू


काळाचौकी
ता. ११ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

जाऊन आलो. जागा स्वच्छ. पन्नासेक माणसं, ओळीने चटया, समोर बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या. शिकवणारे भन्ते तिशीचे असतील, विदर्भाकडचे. नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघा, दुसरं काही करू नका, असं त्यांनी सांगितलं. शनिवारी कमलाकांत बसल्या बसल्या घोरायला लागला. हसायचं नाही म्हणून सगळे हनुवट्या छातीला लावून बसले.

मला श्वास दिसेना. डोळे मिटले की गिरणीतली एक खिडकी दिसायची. ही खिडकी तुला मी कधी सांगितलेली नाही, म्हणून आता सांगतो.

ब्याऐंशीच्या संपात भिवंडीला यंत्रमागावर जातो असं सांगून मी सहा महिने घराबाहेर होतो. मी भिवंडीला नव्हतो, आक्का. आमच्याच गिरणीत होतो. कामावर येणाऱ्यांना तेव्हा आतच ठेवत, आतच जेवण, आतच झोप. मला वरच्या मजल्यावर सूतखात्यात घातलं होतं. तिथल्या खिडकीतून गेट दिसायचं आणि गेटवर रोज अजित उभा असायचा, संप मोडू नका म्हणून ओरडत. महिन्याकाठी एक दिवस मला गुपचूप सोडत, तेव्हा मी त्याच्या घरी तांदूळ आणि डाळ पोचवायचो. त्याची मुलगी संघमित्रा तान्ही होती. भिवंडीच्या कमाईचे तांदूळ म्हणून त्यांनी ते खाल्ले.

रविवारी दुपारी मौन सुटलं. अजित आवारातल्या बाकावर बसला होता, त्याला मी हे सगळं सांगितलं. मग त्याने विचारलं की संघमित्राच्या आईला हे ठाऊक होतं का. मी नाही म्हटलं. तिला जाऊन आठ वर्षं झाली. तो म्हणाला की आता तिला सांगायला मी कुठे जाऊ. एवढंच बोलला आणि उठून गेला.

शेवटच्या बैठकीला तो दुसऱ्या टोकाला बसला. येताना टॅक्सीत आमच्या मध्ये कमलाकांत. त्याला काही माहीत नसल्यामुळे भोईवाडा येईपर्यंत तो एकटाच उपाशी राहण्याच्या फायद्यांवर बोलत होता.

सांगितलं की मन हलकं होतं म्हणतात. मला तसं काही जाणवलं नाही. अजित सकाळी बागेत येत नाही.

उत्तर पाठव. रागावली असलीस तरी पाठव.
तुझा,
धोंडू


कणकवली
ता. १९ नोव्हेंबर २०२५

चि. धोंडूस,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. यंदा भात बरं झालं, गाय व्यायली, पाडी आहे. माझा गुडघा होता तसाच.

तू आत गेलास त्याचा मी न्याय करणार नाही. आई अंथरुणाला खिळलेली होती, मला तेव्हाची चूल आठवते. पण मेल्या, त्या साली गणपतीत मी तुला भिवंडीला लाडू पाठवले होते, आपल्या वाडीतल्या बाबल्याबरोबर. तू सापडत नाहीस म्हणून तो डबा घेऊन परत आला, तर भिवंडीला गेलाच नाहीस आणि खोटं बोलतोस म्हणून मी त्याला चारचौघांत शिव्या घातल्या. तोही आता नाही. म्हणून अजित काय म्हणाला ते माका कळलं.

तू त्याला सांगितलंस ते कोणासाठी, हे एकदा स्वतःला विचार. त्रेचाळीस वर्षं तू गप्प राहिलास आणि दोन दिवस कोणी गप्प बसवलं तर सगळं त्याच्या पुढ्यात नेऊन ओतलंस. त्याने आता काय करायचं? पोटातले तांदूळ काढून द्यायचे? खरं बोललास हे चांगलं. पण बोलून तुझं काम झालं, त्याचं आता सुरू झालं.

क्षमा मागत त्याच्या दारात जाऊन बसू नकोस. तेही तुझ्यासाठीच होईल. त्याच्या कुठल्या कामाला हात लावता आला तर लाव. हाकललं तर मुकाट घरी ये. आणि दुसऱ्या दिवशी वाटलं तर पुन्हा जा.

प्राचीला म्हणावं, आगळात मीठ आधीच असतं, वरून घालू नको. तब्येतीला जप, आणि रागावली तरी आक्का तुझीच आहे हे विसरू नको.
आक्का


काळाचौकी
ता. ८ डिसेंबर २०२५

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

मिठाचं प्राचीला तुझ्या नावाने सांगितलं. तिने ऐकलं.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. त्यांच्यासाठी भोईवाड्याची मंडळी दादरला पाणी आणि बिस्किटं वाटतात, अजित त्यांतला जुना. बोलावणं नव्हतं, तरी मी सकाळी सातला जाऊन उभा राहिलो. संघमित्राने बघितलं. तिला बापाकडून सगळं कळलेलं आहे. काका, पेले विसळायला माणूस हवाय, असं म्हणून तिने मला बादलीपाशी बसवलं. अजितने एकदा बघितलं आणि पुन्हा पिंपाकडे वळला. दुपारपर्यंत मी पेले विसळत होतो. हाकललं नाही.

दोनच्या सुमाराला तो माझ्याजवळ येऊन फूटपाथच्या कडेवर टेकला. म्हणाला, गेटवर रेटारेटी होऊन मी पडलो होतो, तो दिवस तुला वरून दिसला का. दिसला, मी म्हटलं. मग तू काय केलंस, त्याने विचारलं. मी काही लपवलं नाही. खिडकीचे गज धरून तो उठायची वाट बघत राहिलो. लोक त्याच्यावरून उड्या मारून पळत होते. तो एकदा उठला, पुन्हा बसला, मग भिंतीला धरून उभा राहिला. तेवढ्यात माझ्या कताईच्या साच्यावर सूत तुटलं, जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, हाक मारली आणि मी गेलो.

अजित म्हणाला की त्या दिवशी आपलं कोणी जवळ नव्हतं असंच तो आजवर सांगत आला, बायकोलाही तेच सांगितलं. मग म्हणाला, मी एकदा उठून पुन्हा बसलो होतो, हे मला आठवत नव्हतं.

तो रागावलेला आहे, आक्का. ते त्याच्या आवाजात होतं आणि माझ्याजवळ त्यावर काही उपाय नाही. रांग वाढली तसा तो उठला. जाताना म्हणाला की जानेवारीत शीवला परत शिबिर आहे, यायचं तर ये, पण माझ्या शेजारी बसू नकोस.

मी नाव दिलं आहे. मागची ओळ मागून घेतली.

थंडीत पहाटे अंगणात जाऊ नकोस. तुझ्या आशीर्वादाची गरज या वयातही आहे, तो पाठवत राहा.
तुझा,
धोंडू