लिथियमचा उंबरठा

ग्योटिंगेन, २ फेब्रुवारी १९१३

तीर्थरूप बाबांस ओटिलीचा सा. न. वि. वि.

भुसा उपसून तुमचा काचगोळा बाहेर काढला, तेव्हा सगळी प्रयोगशाळा भोवती जमली. निर्वात गोळ्यात चाकू, आणि तो बाहेरून लोहचुंबकानं फिरवायचा! प्रोफेसर आल्बेर्स म्हणाले, वडिलांना इथंच आणून ठेव, मी दोन पदवीधर घरी पाठवतो.

एवढा खटाटोप कशाला, असं तुम्ही विचारलं होतंत. सोडियमवर उजेड पाडला की त्यातून विजेचे कण सुटतात. पण लाल उजेड कितीही प्रखर करा, एक कण हलत नाही. मिणमिणता निळा पडला की लगेच वीज मोजणारा काटा थरथरतो. धातूला जणू उंबरठा आहे आणि तो ओलांडायला उजेडाचा रंग लागतो, जोर नाही. दर धातूचा उंबरठा वेगळा. तो नेमका कुठे, ते मोजायचं माझं काम. हवा लागली की धातू काळवंडतो आणि आकडा चुकतो, म्हणून गोळ्याच्या आतच तो खरवडायचा.

सोडियमचं जमलं. आता लिथियमसाठी दुसरा गोळा हवा. ईस्टरपर्यंत द्याल ना? दुसऱ्या कुणी केलेल्या काचेच्या सांध्यावर माझा भरवसा नाही.

माया असू द्यावी,
ओटिली

लाउशा, २० मार्च १९१३

चि. ओटिलीस अनेक आशीर्वाद.

बोट भाजलंय, म्हणून रोझिनेच्या हातून लिहवतो आहे. गोळा आजच्या गाडीनं धाडला. थोडा वेळ लागला. तुझे पदवीधर इकडे पाठवू नकोस, त्यांना बटाट्याचे गोळेसुद्धा वळता येणार नाहीत. वेळेवर जेवत जा.

तुझा बाप,
ट्राउगोट

ग्योटिंगेन, ११ जून १९१३

ती. बाबांस नमस्कार.

रागात लिहिते आहे. लिथियमचा आकडा मी एप्रिलात दिला. प्रोफेसरांनी तो परिषदेत वाचला. त्यानंतर दर आठवड्याला उंबरठा सरकू लागला. परवा मेणबत्ती धरून पाहिलं, तर गोळ्याच्या बाजूला जोडलेल्या नळीच्या सांध्यात केसाएवढी भेग. सगळे दिवस आत हवा झिरपत होती. प्रोफेसरांना चारचौघांत आकडा मागे घ्यावा लागला.

लाउशातलं शेंबडं पोरही असा सांधा करणार नाही, बाबा. गुत्त्यात बसून केलात का? तुम्हाला वेळ नव्हता तर तसं सांगायचं होतंत.

ओटिली

लाउशा, १९ जून १९१३

प्रिय ओटिली,

बाबांना दिसत नाही. सोडियमचा गोळा केला तेव्हा थोडं दिसत होतं, हिवाळा सरेपर्यंत तेही गेलं. चाळीस वर्षं भट्टीत बघून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. बोट भाजलं ती थाप होती. तुला कळवायचं नाही, अशी मला शपथ घातली होती.

तुझा लिथियमचा गोळा त्यांनी चाचपून केला. ज्योतीच्या आवाजावरून काच मऊ झाली की नाही ते ओळखत. मी म्हटलं, एर्विनकाकांना करू द्या. तर म्हणाले, तिनं माझा सांधा मागितलाय. चार गोळे फुटले, पाचवा टिकला.

मेमध्ये उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. पू झाला, डोळा काढावा लागला. डाव्याला आता डॉक्टर हात लावत नाहीत.

तुझं पत्र आधी स्वतः न वाचताच मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला लागले, ही माझी चूक. गुत्त्याच्या वाक्याशी अडखळले, तर म्हणाले, पुढे वाच. मग एवढंच विचारलं की भेग कुठल्या सांध्यात. सकाळी सगळी अवजारं एर्विनकाकांना देऊन टाकली.

तुझी बहीण,
रोझिने

ग्योटिंगेन, २३ जून १९१३

प्रिय रोझिने,

हे त्यांना सावकाश वाचून दाखव.

बाबा, माझी जीभ झडो. काटा नुसता थरथरला तरी मला दिसतो, आणि पत्रावरचं अक्षर तुमचं नाही ते दिसूनही मी काही विचारलं नाही. मला क्षमा करा.

आणि रोझिने, हे फक्त तुला: माझी जागा गेली. प्रोफेसर नीट बोलले, पण १ जुलैपासून माझं काम दुसऱ्याकडे. लिथियम आता मला मोजता येणार नाही. शनिवारच्या गाडीनं येते.

ओटिली

लाउशा, २६ जून १९१३

प्रिय ओटिली,

क्षमेचं वाचलं, जागेचं गाळलं. बाबांनी दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, क्षमा कसली मागतेय, भेग होतीच की. मग विचारलं, नवा गोळा कुणी करून दिला का, लिथियमचा खरा आकडा निघाला का. मी पत्राची घडी घालून ठेवली.

दोन दिवस झाले, टपालवाल्याची चाहूल लागली की तेच विचारतात. जेवण सुटलंय, पण हा प्रश्न सुटत नाही. आज मला राहवलं नाही. म्हटलं, निघाला बाबा, आकडा निघाला.

त्यांचा चेहरा असा उजळला, ओटिली! सरळ होऊन बसले आणि म्हणाले, किती?

मला एकही आकडा सुचेना. असे आकडे कसे असतात, तेसुद्धा मला ठाऊक नाही. ते वाट बघत राहिले. मग म्हणाले, बरं. आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

स्टेशनवर मी येईन. आपल्यात तरी काही लपवालपवी नको.

तुझीच,
रोझिने